वुप्परकाठचा पाणी देणारा

आत शिरल्यावर तुम्हाला आधी काहीच दिसत नाही. बाहेर ऑक्टोबरमधली ढगाळ दुपार आहे. पण या शेडच्या एकुलत्या खिडकीवर जाड कातडं टांगलंय आणि दार तुमच्या मागे लगेच ओढून घेतलं गेलंय. डोळे सरावतात तसा कमरेएवढ्या ओट्यावरचा निखाऱ्यांचा लांबट पट्टा दिसू लागतो. एरवी लोहाराची भट्टी आटोपशीर असते. ही अरुंद आहे आणि चांगली दोन हात लांब. तिच्या पलीकडे भात्याच्या दांड्यावर बारा-तेरा वर्षांचा पोरगा. आणि अलीकडे, तुमच्याकडे पाठ करून, ज्याच्यासाठी तुम्ही सहाशे वर्षं मागे आलात तो माणूस.

साल १४१०. जर्मन मुलखातलं बर्गचं ड्यूकराज्य, वुप्पर नदीच्या वरची टेकडी, झोलिंगन हे गाव. कोलोनसारखं मोठं व्यापारी शहर इथून एका दिवसाच्या चालीवर आहे. झोलिंगनला शहराचा दर्जा मिळून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. भोवती कोळसा पाडायला बीच आणि ओकचं जंगल, चाकं फिरवायला ओढे, आणि दक्षिणेला झीग नदीच्या खोऱ्यातून येणारं लोखंड-पोलाद. एवढ्या भांडवलावर हे गाव पुढे सगळ्या युरोपला पाती पुरवणार आहे.

हा माणूस लोहार नाही. इथे ऐरण नाही, घण नाही. पातं घडवणारा वेगळा; त्याच्याकडून घडून, कानस फिरून आलेली पाच पाती भिंतीला टेकून उभी आहेत. आकाराने ती तलवारीच आहेत: दोन्ही बाजूंना धारेची जागा, मधोमध वजन कमी करणारी पन्हळ, वर मुठीत जाणारं शेपूट. पण यातलं एखादं आत्ता उचलून ढालीवर हाणलंत तर ते वाकेल आणि वाकलेलंच राहील. त्यांना अजून पाणी दिलेलं नाही. पाणी देणं एवढाच या माणसाचा धंदा आहे, आणि तो तुम्हाला शिकवायचा नाही अशी त्याने शपथ घेतलेली आहे.

ही शपथ म्हणजे नुसती गंमत नव्हे. नऊ वर्षांपूर्वी, १४०१ मध्ये, झोलिंगनच्या पाणी देणाऱ्यांना आणि धार लावणाऱ्यांना मिळून एका संघाची सनद मिळाली. मुठी बसवून तलवार पुरी करणाऱ्यांना ती १४१२ मध्ये मिळेल, आणि प्रत्यक्ष पातं घडवणाऱ्या लोहारांना १४७२ पर्यंत थांबावं लागेल. तलवारीचं चित्र काढायला सांगितलं तर आपण सगळेच घण उगारलेला लोहार काढतो. इथे सनदेचा पहिला मान निखाऱ्यांपाशी गप्प उभ्या राहणाऱ्याला आणि दगडावर वाकून बसणाऱ्याला मिळाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संघाचे नियम कडक: कसब बापाकडून मुलाकडे जाणार, मुलूख सोडून ते कुणी बाहेर नेणार नाही. तेव्हा तुम्हाला इथे रीतसर प्रवेश नाहीच. तुम्ही दिसत नाही, एवढ्याच सवलतीवर उभे आहात. भिंतीला चिकटून राहा आणि पाहा.

पहिलं पातं तो शेपटाकडून सांडशीत धरतो आणि निखाऱ्यांत आडवं सारतो. एका जागी ठेवत नाही. पुढे, मागे, पालटून, पुन्हा पुढे. पात्याचं टोक पातळ, ते लगेच तापतं. मुठीकडची बाजू जाड, ती मागे राहते. हातभराहून लांब पोलादाच्या पट्टीला टोकापासून शेपटापर्यंत एकच रंग आणायचा, हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे. आजही घरच्या घरी मध्ययुगीन धाटणीची तलवार बनवू पाहणारी हौशी माणसं सुरीपर्यंत पोचतात आणि तलवारीपाशी अडतात, ती याच लांबीमुळे.

“हळू,” तो म्हणतो. भात्यावरचा पोरगा श्वास रोखून दांडा सैल सोडतो.

पातं काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं मंद लाल होतं. आता कातड्याने खिडकी का झाकली ते कळतं. हाच रंग उन्हात वेगळा दिसला असता, ढगाळ उजेडात वेगळा, संध्याकाळी आणखी वेगळा. अंधार रोज सारखा असतो. त्याचं मापन अंधारात बसवलेलं आहे, आणि दुसरं मापन त्याच्यापाशी नाही.

तुम्हाला आकडे माहीत आहेत. ७२७ अंश सेल्सियसच्या वर पोलादाच्या आतली रचना बदलू लागते. लोखंडाचे अणू नव्या मांडणीत जातात आणि त्या मांडणीत कार्बन विरघळतो. ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं. पाण्यात घालण्याजोगी वेळ साधारण ८०० च्या आसपास येते. तुमच्या खिशात चुंबक असेल, कारण आजचा हौशी कारागीर हाच उपाय वापरतो: पातं चुंबकाला लावून बघायचं, ओढ थांबली की आणखी थोडं तापवायचं. चुंबक खिशातच राहू द्या. त्याऐवजी त्याच्या खांद्यावरून पात्याकडे टक लावून बघा.

दिसलं? लाली वाढत होती ती मध्येच अडली. पात्याच्या आत एक सावली उमटली, ढगाची पडावी तशी कडेने आत सरकत गेली, आणि मागे उजळ लाली सोडून नाहीशी झाली. रचना बदलताना पोलाद उष्णता गिळतं, त्यामुळे आगीत असूनही ते क्षणभर तापायचं थांबतं. अणू, कार्बन, मांडणी यांतलं एकही अक्षर त्या माणसाला माहीत नाही. पण सावली त्याला माहीत आहे. ती पात्याच्या पूर्ण लांबीत सरून जाईपर्यंत तो थांबतो, आणि मग आणखी थोडा. चुंबक तुम्हाला जे सांगणार होता त्याच्या पुढचं त्याच्या डोळ्याने आधीच टिपलं आहे.

रंग आता पिकल्या गुंजेचा आहे. याच्या पुढे केशरीत गेलं तर? तर पोलादाचे आतले दाणे फुगत जातात. असं पातं कडक होतं, नुसत्या डोळ्याला सुरेखही दिसतं, आणि पहिल्याच जोरदार घावाला काचेसारखं मोडतं. अजून वर, पांढऱ्याकडे गेलं, तर पोलादातून ठिणग्या उडू लागतात आणि ते जळालं म्हणायचं. ते पुन्हा पोलाद होत नाही. कमी तापवलं तर पाण्यात घालूनही मऊ राहतं. मधली वाट पन्नासेक अंशांची आहे, आणि तो तिच्यावरून नुसत्या नजरेने चालतो आहे.

पाण्याकडे लक्ष द्या. जमिनीत पुरलेलं उभं खोल पिंप, पात्याच्या लांबीहून खोल. सकाळी पोराने त्यात एक लाल कांब बुडवून थंडी मोडली होती. बर्फगार पाणी पात्याला तडकवतं, आणि ऑक्टोबरात इथलं पाणी गारच असतं. मघाशी त्याने मूठभर मीठही टाकलं. लाल पोलाद साध्या पाण्यात शिरलं की भोवतीचं पाणी एका झटक्यात वाफ होतं आणि त्या वाफेचं पांघरूण पात्याला बाकीच्या पाण्यापासून वेगळं पाडतं. मग थंड होणं मंदावतं, कुठे लवकर, कुठे उशिरा. मीठ ते पांघरूण फाडतं.

मिठाच्या या गुणाला जुन्या लोकांनी कुठे कुठे शोधलं! इथून तीनशे वर्षं मागे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका भिक्षूने कारागिरीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या कृती अशा: कानशी कडक करण्यासाठी जाळलेल्या शिंगाची पूड आणि मीठ, हत्यारांना पाणी देण्यासाठी नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचं मूत्र, नाहीतर लाल केसांच्या लहान मुलाचं. वाचून हसू येतं. पण शिंगाच्या पुडीतून तापल्या लोखंडात कार्बन शिरतो, आणि मूत्र म्हणजे फुकट मिळणारं खारं पाणी. लाल केसांचं कारण मात्र मला सापडलेलं नाही; आगीच्या रंगाची माणसं आगीच्या कामाला, असा काहीतरी जुना विश्वास त्यामागे असणार. नेमकं काय कामाला येतंय हे वेगळं काढायचं साधन नसेल तर माणूस सगळंच जसंच्या तसं जपतो, आणि ते शहाणपणाचंच असतं.

“वाट.”

एकच शब्द. पोरगा पिंपापासून दूर होतो. पातं निखाऱ्यांतून बाहेर येतं, अंधारात एक सरळ लाल रेघ उभी राहते, टोक खाली. ती पाण्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. कारण हवेत असताना पातळ धार आधी निवते. ती सरळ आत जाते. तिरकी गेली असती तर एक बाजू आधी आकसून पातं वाकडं झालं असतं.

आवाज आधी चिरका, मग घोगरा, मग पिंपाच्या तळातून येणारी खडखड. वाफ छताला लागते. तो पातं आत वर-खाली करतो आहे, बाजूला नाही. ओठ हलताहेत. घड्याळ नसलेल्या या शेडमध्ये प्रार्थनेच्या ओळींनी वेळ मोजतात, आणि तो देवाला आळवतोय की सेकंद मोजतोय हे त्यालाही वेगळं सांगता येणार नाही.

या आवाजाच्या आत काय चाललंय ते सांगतो, कारण हे या माणसाच्या आयुष्यात कुणी सांगणार नाही. ८०० अंशांवर पोलादात विरघळलेल्या कार्बनला सावकाश निवायला मिळालं असतं तर तो बाहेर पडून आपली वेगळी मऊ-कडक थरांची रचना करून बसला असता. त्याला ती सवड द्यायची नाही. ५५० अंशांच्या आसपासचा टप्पा साध्या कार्बन पोलादाने एखाद-दुसऱ्या सेकंदात ओलांडला पाहिजे. मग तीनशेच्या आसपास आणि त्याखाली कार्बन अडकलेला असतानाच लोखंडाची मांडणी पालटते, ताणलेली, कोंडलेली, कमालीची कडक. १८९५ मध्ये तिला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकावरून मार्टेनसाइट हे नाव मिळेल. ही रचना आधीपेक्षा जास्त जागा मागते. म्हणजे पातं निवताना आकसतही असतं आणि त्याच वेळी आतून फुगतही असतं, कडेला आधी, मध्यात नंतर. पिंपात आत्ता तेच भांडण चाललं आहे.

पातं वर येतं. करडं, खवले पडलेलं, वाफाळतं. तो डोळ्यासमोर धरून त्याच्या लांबीवरून नजर सोडतो, बंदुकीचा नेम धरतात तसा. किंचित डावीकडे झुकलंय. ओट्याच्या कडेला लाकडाच्या दोन खुंट्या आहेत. पातं त्यांच्यात अडकवून, अजून आत ऊब आहे तोवरच, तो एका दाबात सरळ करतो. थोडा उशीर झाला असता तर ते सरळ होण्याऐवजी तुटलं असतं.

दुसरं पातं ठीक उतरतं. तिसऱ्याच्या वेळी खडखड संपता संपता आतून एक बारीक, स्वच्छ आवाज येतो. टिंग. पोरगा मान खाली घालतो. पाणी देणारा पातं वर काढतो, नखाने धारेवरून चाचपतो, मधल्या भागात थांबतो. केसभर भेग. कुणाला बोल लावावा असं काही नाही. पोलादातच कुठे चिकटलेला मळ राहिला असेल, सांधा नीट बसला नसेल. त्या काळचं पोलाद एकजीव नसतंच. छोट्या भट्टीतल्या गोळ्यातून निघालेलं, ठोकून, दुमडून, जोडून केलेलं. एका टोकाला कार्बन जास्त, दुसऱ्याला कमी. त्याने ते पातं शांतपणे वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं. भेगेच्या दोन्ही अंगांना उरलेल्या पट्टीत खंजीर आणि सुऱ्या निघतील. पण लोहाराचे दिवस गेले, कोळसा गेला, आणि ते ओझं या शेडमधून त्याच्याकडे परत जाणार.

चार पाती उरली. आता ती इतकी कडक आहेत की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. कुणालाही वाटेल, काम झालं. आणि इथेच पाणी देणाऱ्याचं खरं कसब सुरू होतं, कारण असं पातं दगडी फरशीवर पडलं तरी दोन तुकडे होऊ शकतात. मिळवलेल्या कडकपणातला काही भाग जाणूनबुजून परत द्यायचा आहे. किती, हे त्याने ठरवायचं.

खिडकीवरचं कातडं आता बाजूला होतं. या टप्प्याला उजेड लागतो. तो वाळूच्या दगडाने पात्यावर एक लांब पट्टा घासून चकचकीत करतो, मग निखाऱ्यांवर, आत नव्हे, वर धरून हळूहळू फिरवतो. पन्हळीचा मधला भाग आगीकडे, धार आगीपासून दूर. उष्णता मधून धारेकडे वाहत जावी असा बेत.

बघा, त्या चकचकीत पट्ट्यावर रंग येतोय. आधी अगदी फिकट पिवळा, जेमतेम दिसणारा; तो २२० अंशांच्या सुमाराला. मग सोनेरी. मग तपकिरी, २६० ला. त्यात जांभळी झाक शिरते, २८० ला, आणि ३०० च्या आसपास गडद निळा. हे रंग पोलादाचे नाहीत. हवेतला प्राणवायू पृष्ठभागावर अतिशय पातळ थर चढवतो आणि त्या थराच्या जाडीनुसार उजेड वेगवेगळा परततो. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबतात, कारण तिथे धार हवी, लवचिकपणा नको. तलवार वाकून परत सरळ व्हायला हवी, तेव्हा तिला जांभळ्याच्या पुढे निळ्याकडे न्यावं लागतं. निळं ओलांडून राखाडीत गेली की पुन्हा मऊ.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या लोहाराने पाथरवटाची टाकी करताना हेच केलेलं तुम्ही बघितलं असेल. टोक लाल करून फक्त तेवढंच पाण्यात बुडवायचं, चटकन दगडावर घासायचं, आणि मागच्या जाड भागात उरलेली ऊब टोकाकडे रंगांचे पट्टे ढकलत येते ते पाहत राहायचं. हवा तो रंग टोकावर पोचला की पुन्हा पाण्यात. टाकीला दोन बोटांचं टोक सांभाळायचं असतं. या माणसाला दोन धारा, प्रत्येक हातभराहून लांब, आणि त्यांवर तोच एक रंग.

तिसऱ्यांदा फिरवताना तो एकदम पातं उचलतो. तुम्हाला अजून जांभळा दिसतो. त्याला पुढचा निळा दिसला आहे, कारण आतली ऊब आणखी थोडी बाहेर येणार हे त्याला ठाऊक आहे. भिंतीला टेकवलेल्या पात्यावर, आगीपासून दूर, जांभळ्याचा निळा होतो आणि तिथेच थांबतो.

हे सगळं लिहून कोण ठेवणार? इथे कुणी नाही. पण बाहेर लिहिणारे आहेत. न्यूरेंबर्गमध्ये जपलेल्या, १३८९ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका बाडात योहानेस लीष्टेनाउअर या तलवारगुरूची शिकवण आहे आणि त्याच बाडात लोखंड कडक करायच्या कृतीही आहेत. तलवार चालवणाऱ्याला ती कशी कडक होते याचं कुतूहल असणारच. सव्वाशे वर्षं पुढे, १५३२ मध्ये, जर्मनीत पोलाद-लोखंडावरची एक छोटी पुस्तिका छापली जाईल. तिच्यातली एक कृती मला फार आवडते. वर्बेना या झाडाचा रस, माणसाचं मूत्र आणि जमिनीतल्या भुंग्याच्या अळ्यांचा रस एकत्र करून पाणी तयार करायचं. इथपर्यंत जादूटोणाच. पुढे मात्र सांगितलंय की लोखंड फार तापवू नका, बेतानेच. बुडवून काढल्यावर आतल्या उबेने त्यावर सोनेरी ठिपके येऊ द्या, मग पूर्ण निववा. फार निळं झालं तर समजा की अजून मऊच आहे. अळ्यांच्या रसाखाली सगळं शास्त्र व्यवस्थित झाकून ठेवलेलं. पुस्तक वाचून अळ्या गोळा करणाऱ्याला काही मिळालं नसेल. रंगांवर नजर ठेवणाऱ्याला सगळं मिळालं.

आता पाती घेऊन पोरगा उताराने ओढ्याकडे निघतो. त्याच्या मागे चला. दगडी पायावरचं घर, बाहेर पाणचक्की, आत माणसाच्या उंचीची वाळूच्या दगडाची चाकं, त्यांवर सतत पाणी. धार लावणारा दगडावर ओणवा. पाणी देणाऱ्यांचा आणि यांचा संघ एकच का, ते इथे दोन क्षणांत उमजतं. दगड कोरडा पडला, हात जड पडला, की पात्याची कड घर्षणाने तापते, तिथे पुन्हा निळा डाग येतो आणि दिलेलं पाणी उतरतं. एकाने दुपारभर जपलेलं दुसरा एका हलगर्जी क्षणात घालवू शकतो. दोघांना एकाच शपथेत बांधलं ते बरंच केलं. या ओलसर घरांतल्या माणसांच्या छातीत दगडाची धूळ साचते आणि पुढच्या शतकांत झोलिंगनमध्ये धारकऱ्यांचा आजार हे वेगळंच नाव त्याला मिळेल. तलवारीच्या इतिहासात या मृत्यूंची नोंद कुणी घेत नाही.

धार लागली, मग मूठ आणि परज, मग शिक्का. पासाऊ या दक्षिणेकडच्या शहराची पाती धावत्या लांडग्याच्या खुणेने ओळखली जात. झोलिंगनवाल्यांनी तोच लांडगा आपल्या पात्यांवर कोरायला सुरुवात केली, इतकी की आज नुसता लांडगा बघून पातं कुठलं ते ठरवता येत नाही. लोहाराची खूण, गावाची खूण, उसनी खूण, सगळ्यांना पात्यावर जागा आहे. निळ्यावर थांबलेल्याची खूण नाही.

आता झेप घ्या. अडीचशेहून जास्त वर्षं पुढे आणि समुद्र ओलांडून, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दख्खनमध्ये. पोर्तुगीज आणि इतर युरोपी व्यापाऱ्यांबरोबर जर्मनी आणि इटलीची सरळ, लांब पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरतात आणि इथल्या मुठी चढवून घेतात. अशा तलवारीला फिरंग म्हणतात. तुम्ही हत्यारांना धार लावणाऱ्या एका शिकलगाराच्या पडवीत उभे आहात. त्याच्या पुढ्यातलं पातं अर्थातच १४१० मधलं नाही, त्या माणसाच्या कित्येक पिढ्यांनंतरच्या हातांतून उतरलेलं आहे. शिकलगार ते टोकाकडून जमिनीला टेकवतो, मुठीवर भार देतो, पातं धनुष्यागत वाकतं, आणि सोडल्यावर सरळ होतं. तो पुन्हा दुसऱ्या बाजूने वाकवतो. मग मान हलवतो.

इथल्या लोहाराला पोलाद कमी कळत होतं म्हणून बाहेरची पाती आली, असं समजू नका. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत बंद करून वितळवलेलं, दीड टक्क्याच्या आसपास कार्बनचं पोलाद होत होतं आणि ते घ्यायला इराणपासून माणसं येत. त्या पोलादाची रीत वेगळी. त्यातली पाण्याच्या लाटांची नक्षी जास्त तापवलं की मरते, आणि एवढा कार्बन असलेल्या पात्याला सरळ पाण्यात घालणं म्हणजे भेगेला आवतण. त्याची ताकद घडवण्याच्या धीरात होती. सरळ, लांब, घोड्यावरून वापरायला सोयीच्या आणि लवणाऱ्या पात्याला मराठा स्वारांत मागणी राहिली, आणि ते लवणं निळ्यावर थांबण्यातून आलेलं होतं. दोन्ही रितींना मान द्यायला हवा. एकीला वर आणि एकीला खाली बसवायची आपल्याकडची हौस मला पटत नाही.

इकडे शिकलगार पातं वाकवत असताना तिकडे शपथ मोडायला लागली आहे. १६८७ मध्ये झोलिंगनचे काही कारागीर कुटुंबांसह इंग्लंडच्या उत्तरेला शॉटली ब्रिज या गावी जाऊन स्थायिक होतील. कसब पाय फुटून निघालं की सनदा त्याला अडवू शकत नाहीत. आणि १७८१ मध्ये टॉर्बर्न बर्गमन हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ दाखवून देईल की लोखंड, पोलाद आणि बिडात फरक आहे तो त्यांतल्या कार्बनसदृश घटकाच्या प्रमाणाचा. तोवर आगीजवळची माणसं शतकानुशतकं कार्बनला हवं तसं वागवत आली होती, त्याचं नावही न ऐकता.

शेवटचा मुक्काम प्रयोगशाळेत. इथे तुम्ही दिसता, बसायला स्टूल मिळतं. धातुशास्त्राचे इतिहासकार अॅलन विल्यम्स यांनी जुन्या तलवारींच्या बारीक कापांचा आणि त्यांच्या कडकपणाचा आयुष्यभर अभ्यास केला. २०१२ मध्ये आलेला त्यांचा ‘द स्वॉर्ड अँड द क्रुसिबल’ हा ग्रंथ त्या कामातून उभा राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली अशा कापात सगळी दुपार उघडी पडते. दाणे मोठे दिसले तर रंग केशरीकडे गेला होता. कडेला बारीक सुयांची मार्टेनसाइटची जाळी आणि मध्यात मऊ थरांची रचना दिसली तर पाणी कडेपर्यंतच वेळेत पोचलं. सुयांची टोकं धूसर होऊन त्यांत लोखंड-कार्बन संयुगाचे अतिसूक्ष्म कण उमटले असतील तर नंतर कुणीतरी बेताने ऊब दिली. काही पाती अशी निघतात की त्यांना पाणी दिलेलंच नाही, किंवा देताना हात बिचकला. काही मात्र अशी, की दोन्ही धारांवर रचना एकसारखी, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

शिक्का उसना असू शकतो, मूठ बदललेली असू शकते, संग्रहालयातली पाटी चुकीची असू शकते. कापातली ही नोंद बदलता येत नाही, आणि ती ज्याच्या नजरेची आहे त्याच्याबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक आहे की त्याने खिडकी झाकली होती, सावली सरेपर्यंत वाट पाहिली होती, आणि जांभळ्यावरच पातं उचललं होतं.